व्हॉल्व्हांचें माहात्म्य

ध्वनिमुद्रित संगीताच्या शोकिनांत अलीकडे एक पंथ बळावत चालला आहे. त्याचा मुख्य सिद्धांत असा कीं, ॲम्प्लिफायरमधील एक व्हॉल्व्ह उपसून त्याच्या जागीं त्याच क्रमांकाचा, पण दुसऱ्या कारखान्याचा किंवा दुसऱ्या सालचा, व्हॉल्व्ह खोंचला कीं गाणें पालटतें. पालटतें म्हणजे किरकोळ खरखर कमी होते किंवा आवाज थोडा चढतो, एवढेंच नव्हे. गायिकेच्या गळ्यास मखमल येते, सारंगीवर सोनेरी झांक चढते, डग्ग्यास घुमारा येतो, आणि इतकीं वर्षें गाणारा व ऐकणारा यांच्यामध्यें असलेला पडदा एकदम दूर होतो. इंग्रजी कारखान्याचा व्हॉल्व्ह 'उबदार', जर्मन कारखान्याचा 'रेखीव', डच कारखान्याचा 'गोड', असे त्यांचे स्वभावही ठरून गेले आहेत. आणि जन्मपत्रिका पाहून मुलीचा स्वभाव सांगावा त्या बिनदिक्कतपणें हे पंडित कांचेवरचीं छापील अक्षरें पाहून तिचा नाद सांगतात.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत हा विजेच्या दिव्यांचा प्रपंच कशाला, असें कोणी विचारील. प्रश्न केवळ यंत्राचा असता तर आम्हीं तो यंत्रज्ञांवर सोंपवून दिला असता. परंतु येथें वाद साक्षीचा आहे. 'मीं हें ऐकलें' असें एक मनुष्य सांगतो, तें छापून येतें, त्यावर विसंबून दुसरा पैसे मोजतो, आणि पैसे मोजल्यावर तोही 'होय, मींही ऐकलें' म्हणतो. या साखळींत कोणीही खोटें बोलत नसतो, आणि तरीही तिच्यांत खरें कांहींच नसणें शक्य आहे. कवितेचें परीक्षण करणारा आणि व्हॉल्व्हाचें परीक्षण करणारा या दोघांची भाषा आतां इतकी एक झाली आहे कीं, एकाचें पोकळपण दुसऱ्यास शेकल्यावांचून राहणार नाहीं.

शिवाय आम्हांस या लेखास प्रवृत्त करणारें एक घरगुती कारणही आहे. आमचे एक वडीलधारे स्नेही आहेत. त्यांस आम्ही सर्वजण अण्णा म्हणतों. मुख्याध्यापकी करून ते निवृत्त झाले. त्यांच्याजवळ नाट्यसंगीताच्या व ख्यालगायनाच्या रेकॉर्डींचा जो संग्रह आहे तो त्यांनीं चाळीस वर्षें जुना बाजार धुंडाळून जमविलेला. एके काळीं त्यांच्याकडे जाणें म्हणजे एकादी भैरवी अथपासून इतिपर्यंत ऐकणें असे. या पंथाची दीक्षा घेतल्यापासून अण्णा गाणें ऐकेनासे झाले. ते पहिलीं दोन मिनिटें ऐकतात, सुई उचलतात, यंत्र बंद करतात, व्हॉल्व्ह निवूं देतात, दुसरा बसवितात, तो तापण्याची वाट पाहतात, आणि पुन्हां तींच दोन मिनिटें लावून आम्हांस विचारतात, "प्रोफेसर, आतां तंबोरा कसा उमलला, पाहिलेंत?" आणि, कबूल करावयास हरकत नाहीं, पहिल्या दोन वेळां आम्हीं मान डोलावली. आम्हांसही उमललेला ऐकूं आला होता. तिसऱ्या खेपेस असें समजलें कीं, अण्णांनीं गडबडींत तोच व्हॉल्व्ह पुन्हां बसविला होता.

आतां वस्तु काय आहे तें पाहूं. फ्लेमिंगनें १९०४ सालीं निर्वात कांचेच्या दिव्यांत तापलेला ऋणाग्र आणि त्यासमोर धनाग्र ठेवून विजेस एकाच दिशेनें जाऊं देणारी झडप बनविली. ली डी फॉरेस्टनें १९०६ च्या सुमारास त्या दोहोंच्या मध्यें तिसरें अग्र, म्हणजे जाळी, घातली. तापलेल्या ऋणाग्रांतून इलेक्ट्रॉन निघतात, धनाग्राकडे धांवतात, आणि वाटेंतील जाळीवर अत्यल्प दाब कमीजास्त केला कीं त्यांचा सबंध लोंढा कमीजास्त होतो. दाराशीं उभ्या असलेल्या पोरानें बोटानें फिरवावें आणि कालव्याचें पाणी फिरावें, तसा हा प्रकार आहे. पुढें १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि पांचपंचवीस वर्षांत व्हॉल्व्ह घरोघरच्या रेडिओंतून हद्दपार झाला. राहिला तो गिटार वाजविणारांच्या पेट्यांत, आणि अण्णांसारख्या रसिकांच्या दिवाणखान्यांत.

व्हॉल्व्हावर जो क्रमांक असतो तो शोभेचा नसतो. तो एक करार असतो. ईसीसी ८३, ज्यास अमेरिकेंत १२ एएक्स ७ म्हणतात, याचा वर्धनांक १०० असला पाहिजे. धनाग्रावर २५० व्होल्ट दाब असून १.२ मिलिअँपिअर प्रवाह वाहत असतां त्याचा अंतर्गत रोध ६२ हजार ओहमच्या आसपास असला पाहिजे. त्याचा दिवा ६.३ व्होल्टांवर ०.३ अँपिअर घेणारा असला पाहिजे. नग इंग्लंडांत निघो, जर्मनींत निघो कीं बंगळूरास निघो, ठराविक मर्यादेंत हे आंकडे साधल्यावांचून कारखान्यानें त्यावर तो क्रमांक घालूं नये असा हा व्यवहार आहे. आणि ॲम्प्लिफायर योजणारानें आपली मांडणी या आंकड्यांवर, त्यांतील चुकभूल धरून, केलेली असते.

येथें प्रतिपक्षास जें देणें आहे तें आम्ही आधींच देऊन टाकतों, म्हणजे पुढें देणेंघेणें राहणार नाहीं. व्हॉल्व्ह बदलल्यानें आवाज कधींच बदलत नाहीं असें म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांच्याशींही आमचें जमत नाहीं. ते मोजमापाच्या नांवानें बोलतात, पण मोजलेलें त्यांनीं बहुधा कांहीं नसतें. झिजलेला व्हॉल्व्ह काढून नवा घातला तर आवाज सुधारेल, ही गोष्ट रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पोरासही ठाऊक होती. कांहीं व्हॉल्व्हांतील जाळी सैल असते. त्यांवर बोटाची टिचकी मारली कीं लाउडस्पीकरांतून घंटा वाजल्यासारखा नाद निघतो, आणि तसा नग रेकॉर्ड वाजविण्याच्या पहिल्या पायरीवर असला तर तो लाउडस्पीकरच्याच हादऱ्यानें गाऊं लागतो. कांहींत दिव्याचा प्रवाह ऋणाग्रांत झिरपून गुणगुण उत्पन्न होते. हे दोष खरे आहेत, नगागणिक वेगळे आहेत, आणि ते टाळण्यासाठीं व्हॉल्व्ह निवडून घेणें हा शहाणपणा आहे.

क्रमांकच बदलला तर तर बोलावयासच नको. ईसीसी ८३ च्या जागीं ईसीसी ८२ बसतो. पिना त्याच, दिवा तोच. परंतु त्याचा वर्धनांक शंभराच्या जागीं वीसाच्याही आंत आहे. आणि येथें एक गंमत आहे, ती या पंथाच्या लोकांनीं कधीं लिहिलेली आम्हीं पाहिली नाहीं. वास्तविक ती त्यांच्याच उपयोगाची होती. जाळी आणि धनाग्र यांच्यामध्यें अगदीं अल्प विद्युद्धारिता असते. ईसीसी ८३ मध्यें ती १.७ पिकोफॅरड भरते. परंतु व्हॉल्व्ह जितक्या पटीनें आवाज वाढवितो तितक्या पटीनें ती मागच्या मंडलास मोठी भासते. साठपट वर्धन असेल तर ती शंभराच्या वर जाते. आतां या व्हॉल्व्हाच्या मागें आवाज कमीजास्त करण्याचें पांच लाख ओहमचें बटण असलें आणि तें मधोमध असलें, तर त्याचा रोध व ही धारिता मिळून दर सेकंदास साडेअकरा हजार कंपनांपाशींच उंच स्वरांची शक्ति निम्म्यावर येते. त्याच जागीं ईसीसी ८२ घाला. वर्धन चौदापटीवर आलें, धारिता त्या मानानें उतरली, आणि ही मर्यादा पन्नास हजारांच्याही पलीकडे गेली. झांजेचा आवाज खुलला असें कोणी म्हणाला तर तो खोटें बोलत नाहीं. (पन्नाशी उलटलेल्या आम्हांसारख्यांनीं मात्र असल्या उंच स्वरांविषयीं साक्ष देतांना जपून बोलावें, वयाबरोबर कानाची वरची खिडकी मिटत जाते.) पण यांत कारखान्याच्या नांवाचा संबंध कोठें आला? फरक पडला तो आंकड्यांमुळें, आणि आंकडे पाहून तो यंत्र न लावतांही सांगतां आला असता.

तसेंच गिटारच्या पेट्यांचें. तेथें यंत्र मुद्दाम त्याच्या शक्तीबाहेर चालविलें जातें. स्वर फाटावा, भरडला जावा, हीच वादकाची इच्छा असते. त्या अवस्थेंत तो व्हॉल्व्ह म्हणजे वाद्याचाच एक भाग. अतिभार पडल्यावर व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर हे वेगवेगळ्या तऱ्हेनें आवाज भरडतात, असें रसेल हॅम यानें १९७३ सालीं ध्वनियंत्रज्ञांच्या नियतकालिकांत मांडलें होतें, आणि आम्हांस तें पटतें. ज्यांत ३०० बी सारखा एकच व्हॉल्व्ह सारा भार वाहतो आणि दुरुस्तीची कांहींही योजना नसते, अशा साध्या ॲम्प्लिफायरांतही फरक शक्य आहे. अशा यंत्राचा स्वतःचा रोध मोठा असतो. तो अडीच ओहम धरला, आणि लाउडस्पीकरचा रोध निरनिराळ्या स्वरांस सहापासून तीस ओहमपर्यंत वरखालीं होतो असें धरलें, तर त्या दोन टोंकांच्या स्वरांत सव्वादोन डेसिबलहून अधिक अंतर पडतें. हें कोणासही ऐकूं येईल. पण नुसता व्हॉल्व्ह बदलून तो अडीचाचा पावणेतीनाच्या आंतबाहेर झाला, तर त्या अंतरांत आणखी भर पडते ती डेसिबलच्या चौथ्यापांचव्या हिश्श्याची. म्हणजे ज्याला 'व्हॉल्व्हाचा स्वभाव' म्हणतात तो बराचसा लाउडस्पीकरचा स्वभाव असतो, आणि उरलेला खोलीचा.

इतकें देऊन झाल्यावर जें राहतें तेंच खरें भांडणाचें क्षेत्र: नीट योजलेला, संगीत ऐकण्याचा ॲम्प्लिफायर, त्यांत एकाच क्रमांकाचे, दोष नसलेले, दोन कारखान्यांचे दोन व्हॉल्व्ह. पंथाचा सारा व्यापार या क्षेत्रांत चालतो, आणि येथेंच त्याच्या पायाखालीं कांहीं नाहीं.

१९२७ च्या ऑगस्ट महिन्याच्या दुसऱ्या तारखेस हॅरल्ड ब्लॅक नांवाचा बेल प्रयोगशाळेंतील तरुण न्यू जर्सीहून न्यूयॉर्कास नोकरीवर जात असतां हडसन नदीवरील नावेंत उभ्याउभ्या त्यास एक युक्ति सुचली, आणि जवळ कागद नव्हता म्हणून ती त्यानें हातांतल्या वर्तमानपत्रावर लिहून काढली. त्याची अडचण हीच होती: दूरच्या टेलिफोनसाठीं ओळीनें जोडलेल्या ॲम्प्लिफायरांतील व्हॉल्व्ह एकसारखे नसत, आणि असले तरी झिजून वेगळे होत. युक्ति अशी कीं, बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा कांहीं अंश उलटा करून आंत परत द्यावा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच पाहील व खोडील. यासच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. लक्षांत घ्या, ही युक्ति निघालीच मुळीं व्हॉल्व्हांचे स्वभाव मारण्यासाठीं. वीस वर्षांनीं, १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत, विल्यम्सन यानें इंग्लंडांतील 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत जो ॲम्प्लिफायर प्रसिद्ध केला, त्यांत केटी ६६ हे दोन व्हॉल्व्ह, पंधरा वॅट शक्ति, वीस डेसिबल फीडबॅक, आणि स्वरांतील विकृति हजारांत एक. त्याचे वंशज आजही पंथाच्या देव्हाऱ्यांत बसलेले आहेत.

वीस डेसिबल फीडबॅक म्हणजे चूक दहापट घटविणें. समजा, नवा व्हॉल्व्ह जुन्यापेक्षां शेंकडा दहानें दुबळा निघाला. हा फरक लहान नव्हे. इतका दुबळा नग कोणी चोखंदळ गिऱ्हाईक घेणार नाहीं. त्याचा परिणाम लाउडस्पीकरपर्यंत पोंचेतों शेंकडा एकावर येतो, म्हणजे डेसिबलच्या दहाव्या हिश्श्यावर. हा दहावा हिस्सा ज्यास ऐकूं येतो म्हणतात त्यास तो मखमल म्हणून ऐकूं येतो, सोनें म्हणून ऐकूं येतो, पडदा सरकल्यासारखा ऐकूं येतो! फीडबॅकच्या बाहेर असलेल्या पायरीवर, म्हणजे रेकॉर्डीजवळच्या भागांत, वर्धन शेंकडा पांचानें वाढलें तर आवाज चार दशांश डेसिबल चढेल हें खरें. आणि किंचित् चढलेला आवाज मनुष्यास चढलेला न वाटतां चांगला वाटतो, हेंही ध्वनिशास्त्रास पूर्वींपासून माहीत आहे. तेवढ्यासाठीं मात्र आवाजाचें बटण आहे, आणि तें फुकट फिरवितां येतें.

येथें पंथाचा ब्रह्मास्त्रासारखा वापरला जाणारा आक्षेप येतो: 'तुमचीं यंत्रें काय मोजणार? कान हा यंत्राहून सूक्ष्म आहे.' हा आक्षेप करणारांस वाटतें कीं आपण कानाच्या बाजूनें उभे आहों. आम्ही म्हणतों, नाहीं. ते कानाच्या बाजूनें उभे राहिले असते तर भांडणच नव्हतें. मिरजेचा तंबोरे करणारा कारागीर घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून जवारी लावतो. त्याच्याजवळ मोजण्याचें यंत्र नसतें. पण केसभर सरकलेला दोरा त्यास तेथल्यातेथें कळतो, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसलांत तर तुम्हांसही कळतो. त्याचें ज्ञान कानाचें आहे, म्हणून तें डोळे मिटून टिकतें. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं श्रुतींचा वाद तारेच्या लांबीच्या मापांनीं सोडविण्याचा यत्न केला आणि १९१० सालीं त्यावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. त्यांचे निष्कर्ष सर्वांनीं मानले असें नाहीं, त्यांवर कडाक्याचे वाद झाले, परंतु वाद करणारांपैकीं कोणीही 'हा स्वर अमक्या घराण्याचा आहे हें आधीं सांगा, मग मी तो ऐकून सांगतों' असें म्हटलें नाहीं. आम्ही अण्णांस व त्यांच्या गुरूंस यंत्रावर विश्वास ठेवा असें सांगतच नाहीं. आम्ही म्हणतों, केवळ कानावर ठेवा. व्हॉल्व्हावरचें नांव, त्याची किंमत, त्याची पेटी, तो कोणी आणून दिला, या गोष्टी कानास दिसूं देऊं नका.

आणि तसें जेथें जेथें केलें गेलें तेथें काय झालें तें नमूद आहे. १९७८ सालीं जेम्स मॉयर यानें क्वाड कारखान्याचे तीन ॲम्प्लिफायर श्रोत्यांपुढें न दाखवितां वाजविले: एक १९५३ सालचा व्हॉल्व्हांचा, दुसरा १९६७ चा व तिसरा १९७५ चा, हे दोन्ही ट्रान्झिस्टरांचे. ऐकणारांस ते ओळखतां आले नाहींत. नवा माल जुन्याहून सरस ऐकूं येतो असें ठरलें असतें तर त्यांत कारखानदाराचा धडधडीत फायदा होता, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. १९८५ सालीं बॉब कार्व्हर या अमेरिकन यंत्रज्ञानें तर 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांसच आव्हान दिलें, आणि त्यांनीं निवडलेल्या उंची व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायराशीं आपला ट्रान्झिस्टरांचा ॲम्प्लिफायर, दोहोंतील फरक शून्याकडे नेत नेत, असा जुळविला कीं त्या संपादकांना दोन्हीं वेगळे सांगतां येईनात. ज्याला येथें एका क्रमांकाच्या दोन व्हॉल्व्हांत स्वर्ग व पृथ्वी यांचें अंतर ऐकूं येतें, त्यानें व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यांतलें अंतर तरी पडद्याआडून सांगावयास नको काय? १९९४ सालीं टूल व ऑलिव्ह यांनीं लाउडस्पीकरांच्या बाबतींत दाखविलें कीं, तेच श्रोते डोळ्यांपुढें वस्तु असतां एक मत देतात आणि पडद्याआड असतां दुसरें देतात. लाउडस्पीकरांत तर खरा, मोठा, मोजण्याजोगा फरक असतो. तेथेंही डोळा कानास फितवितो, मग जेथें फरकच नाममात्र, तेथें राज्य कोणाचें चालत असेल?

नांवांची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. आम्हींही एकदां मोहास बळी पडून मुलार्ड या इंग्रजी नांवाची एक जुनी जोडी घेतली होती. विकणारानें 'इंग्रजी उबेची' हमी दिली होती, आणि महिनाभर ती ऊब आमच्या कानांस लागतही होती. पुढें एका रविवारीं भिंग घेऊन कांचेच्या बुडाशीं कोरलेली बारीक खूण वाचली. इंग्लंडांतील ब्लॅकबर्न येथील मालावर तेथें बी हें अक्षर असतें. आमच्या जोडीवर त्रिकोण होता, आणि त्रिकोण म्हणजे हॉलंडांतील हीर्लेन. मुलार्ड ही फिलिप्सच्याच मालकीची. एकीचा माल दुसरीच्या नांवानें विकणें हा त्यांचा रोजचा व सरळ व्यवहार होता. विकणारास दोष देतां येत नव्हता. प्रश्न आमच्या कानांचा होता: त्यांनीं महिनाभर जी इंग्रजी ऊब अनुभवली ती डच गोडी होती काय? दुसऱ्या दिवसापासून आम्हांस ती जोडी, आश्चर्याची गोष्ट, थोडी गोड वाटूं लागली.

आज तर नांवांची याहून मोठी गंमत झाली आहे. मुलार्ड, टंग-सोल, जेनॅलेक्स हीं जुनीं इंग्रजी व अमेरिकन नांवें एका अमेरिकन व्यापाऱ्याच्या हातीं असून त्या नांवांचा माल रशियांतील साराटोव्ह गांवीं एकाच छपराखालीं निघतो. २०२२ सालीं युक्रेनवरील युद्धापायीं रशियाची निर्यात अडली तेव्हां जगभर व्हॉल्व्हांची ओढाताण झाली, तेव्हां कित्येक भक्तांस आपल्या इंग्रजी दैवताचें गांव प्रथम कळलें. आणि ज्यांची आमच्याकडे कोणी दखलही घेत नसे ते बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी ८३ आणि ईएल ८४, जे आमच्या लहानपणीं रेडिओ दुरुस्त करणाराच्या पत्र्याच्या डब्यांत खिळ्यांबरोबर खडखडत, ते आतां 'जुना, न वापरलेला' या बिरुदानें परदेशांत विकले जातात आणि त्यांच्याही स्वभावाचें वर्णन होतें. ज्यांच्या दुकानीं ते पडलेले असत त्या मिस्त्रीस एवढेंच कळत असे कीं हा चालतो आणि हा चालत नाहीं.

अण्णांशीं वाद घालून उपयोग नव्हता. ते आमच्याहून वडील, आणि आमच्याहून अधिक गाणें ऐकलेले. म्हणून आम्हीं त्यांस एक विनंति केली, आणि त्यांनीं ती मानली, यांत त्यांचा मोठेपणा आहे. व्यवस्था अशी होती. रेकॉर्ड एकच ध्वनिमार्ग असलेली, त्यांच्या आवडीची. तोच ध्वनि ॲम्प्लिफायरच्या डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंस दिला. डावीकडे त्यांचा लाडका जर्मन ईसीसी ८३, उजवीकडे बाजारांतला नवा, स्वस्त. लाउडस्पीकर एकच, तो एका खटक्यानें या बाजूस किंवा त्या बाजूस जोडावयाचा, आणि जी बाजू मोकळी राहील तिच्यावर आठ ओहमचा रोध टांगावयाचा, कारण व्हॉल्व्हांचें यंत्र भाराशिवाय चालविणें धोक्याचें. दोन्हीकडचा आवाज मापकानें सारखा केला. आमचा एक जुना विद्यार्थी पडद्याआड बसून नाणें उडवी व त्याप्रमाणें खटका फिरवी. अण्णांनीं नुसतें सांगावयाचें, जर्मन कीं नवा. वेळेचें बंधन नाहीं. एकेक भाग हवा तितक्या वेळां ऐकावा.

बारा वेळां विचारावयाचें ठरलें. डोळे मिटून उत्तरें दिलीं तरी सरासरीनें सहा बरोबर येणारच. दहा किंवा अधिक बरोबर यावयाचीं तर नुसत्या दैवानें तें ४०९६ खेळांत ७९ वेळां घडेल, म्हणजे शंभरांत दोनदांही नाहीं. म्हणून दहाची अट घातली. अण्णांचीं सात बरोबर आलीं. मग व्हॉल्व्हांची अदलाबदल केली, न जाणो एकादी बाजूच वेगळी असेल म्हणून. तेव्हां पांच आलीं. पहिल्या फेरींत अण्णा भराभर बोलत होते. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर ते थांबले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "अहो, मला आतां फरक आठवावा लागतो आहे." या वाक्यापुढें आमच्या गणिताची आम्हांसच थोडी लाज वाटली.

यावर पंथाचे म्हणणें काय असेल तें आम्हांस ठाऊक आहे, कारण अण्णांच्या एका गुरुबंधूनें तें त्याच संध्याकाळीं बोलून दाखविलें. परीक्षेच्या दडपणाखालीं कान मिटतात. घाईच्या तुलनेंत सूक्ष्म गुण निसटतात. व्हॉल्व्हाशीं महिनाभर सहवास झाला पाहिजे. ठीक आहे. परंतु हे सद्गृहस्थ दुकानांत पांच मिनिटें ऐकून 'आकाशपाताळाचें अंतर' सांगत असत. तें अंतर परीक्षेच्या खोलींत आल्याबरोबर इतकें लाजाळू कां व्हावें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. महिन्याचा सहवास हवा असेल तर तोही देतां येतो. व्हॉल्व्हावर पत्र्याचें टोपण बसविण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असतेच. त्या टोपणास आम्ही लाख लावून देऊं. आंत कोणता नग आहे तें एका लखोट्यांत बंद राहील. महिनाभर घरीं ऐका, हवीं तीं माणसें बोलावा, हव्या त्या रेकॉर्डी लावा. महिनाअखेर नांव सांगा आणि लखोटा फोडा. असे बारा महिने करूं. आवाज मापकानें सारखा केलेला असावा आणि नग निर्दोष असावेत, यापलीकडे आमची अट नाहीं. जो बारांत दहा बरोबर सांगेल त्याची या मासिकांतच आम्ही जाहीर क्षमा मागूं, आणि त्याच्या हातून व्हॉल्व्हांचीं लक्षणें शिकूं.

या कामीं अण्णा आपला ॲम्प्लिफायर द्यावयास तयार आहेत. मात्र बुधवारीं संध्याकाळीं तो मिळणार नाहीं. त्या दिवशीं ते रेकॉर्डी ऐकतात, आणि हल्लीं पुन्हां शेवटपर्यंत ऐकतात.